खर्चातील तफावत आणि अठ्ठेचाळीस तासांचे उत्तर

नोव्हेंबर 2024च्या विधानसभा निवडणुकीत एका प्रमुख उमेदवाराचा खर्च प्रतिनिधी म्हणून मी काम पाहिले. मतदारसंघाचे, पक्षाचे आणि उमेदवाराचे नाव येथे घेत नाही. तालुक्यात त्यांना लहानथोर सगळे ‘भाऊ’ म्हणतात, तेवढे पुरे आहे. सहकारी बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाल्यावर मी घरच्या घरी हिशेब-तपासणीची किरकोळ कामे करीत असे आणि भाऊंच्या वडिलांशी जुना घरोबा असल्याने, “काका, पैशाचं सगळं तुम्ही बघा, मला त्यात पाडू नका,” या एका वाक्यावर ही जबाबदारी माझ्याकडे आली. पैशाच्या बाबतीत उमेदवाराला ‘त्यात न पडण्याची’ मुभा कायदा देत नाही, हे मी त्यांना त्याच दिवशी सांगितले होते. पण निवडणुकीच्या धामधुमीत असले सांगणे कोण ऐकतो?

कायद्याची चौकट थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951च्या कलम 77 नुसार नामनिर्देशनपत्र दाखल केल्याच्या दिवसापासून निकाल जाहीर होईपर्यंत उमेदवाराने किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीने केलेल्या अथवा त्यांच्या संमतीने झालेल्या प्रत्येक खर्चाचा स्वतंत्र आणि खरा हिशेब ठेवावा लागतो, आणि कलम 78 नुसार निकालानंतर 30 दिवसांच्या आत तो जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे सादर करावा लागतो. महाराष्ट्रात विधानसभेसाठी मर्यादा 40 लाख रुपये. त्यासाठी वेगळे बँक खाते, आणि आयोगाने दिलेली एक नोंदवही: पांढऱ्या पानांवर दैनंदिन खर्च, गुलाबी पानांवर रोकड, पिवळ्या पानांवर बँकेचे व्यवहार. संपूर्ण निवडणुकीत एका व्यक्तीला 10,000 रुपयांपेक्षा अधिक रोख देता येत नाही. प्रचाराच्या काळात ही नोंदवही तीन वेळा तपासणीसाठी न्यावी लागते. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला यात अवघड असे काहीच नाही. अवघड असते ते शासनाच्या बाजूने आपल्या उमेदवारासाठी लिहिल्या जाणाऱ्या दुसऱ्या वहीला तोंड देणे.

या दुसऱ्या वहीला अधिकृत भाषेत छाया निरीक्षण नोंदवही आणि सर्वांच्या तोंडी ‘शॅडो रजिस्टर’ म्हणतात. व्हिडीओ पथक सभेचे चित्रीकरण करते, दुसरे पथक ते पाहून खुर्च्या, व्यासपीठाची लांबी-रुंदी, ध्वनिक्षेपक, फलक, वाहनांचे क्रमांक अशी यादी काढते, लेखा पथक त्या यादीला जिल्ह्याच्या दरसूचीप्रमाणे दर लावते, आणि तो आकडा तुमच्या नावावर चढतो. दरसूची ठरविताना सर्व पक्षांना बैठकीस बोलावतात. आमच्या पक्षातर्फे त्या बैठकीला जे गेले होते ते चहा घेऊन, सही करून परत आले; मंडपाचा चौरस फुटाचा दर आमच्या गावातल्या चालू दराहून बराच चढा आहे, हे मला छापील दरसूची हातात पडल्यावर कळले.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पक्षाच्या एका स्टार प्रचारकाची सभा आमच्या तालुक्याच्या ठिकाणी झाली. आसपासच्या तीन मतदारसंघांच्या मित्रपक्षीय उमेदवारांसाठी मिळून ती एकच सभा होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून नोटीस आली. तिच्यात तीन मुद्दे होते. सभेचा संपूर्ण खर्च आमच्या नावे धरलेला होता, तर आमच्या वहीत एक तृतीयांश. खुर्च्या 5,000 धरलेल्या होत्या, आमच्या बिलात 2,400. आणि तिसरा मुद्दा प्रतिस्पर्धी उमेदवाराच्या लेखी तक्रारीवर आधारलेला होता: भाऊ त्या नेत्यासोबत हेलिकॉप्टरमधून सभास्थळी आले, सबब हवाई प्रवासाचा निम्मा खर्च त्यांच्या हिशेबात का धरू नये? तक्रारीला एक छायाचित्र जोडलेले होते. त्यात हेलिकॉप्टरच्या उघड्या दाराशी नेते आणि भाऊ हात उंचावून उभे होते, आणि ते आमच्याच समाजमाध्यमांच्या मुलांनी मोठ्या हौसेने प्रसारित केलेले होते.

तिन्ही मुद्दे मिळून तफावत नऊ लाखांच्या घरात जात होती. आमचा तोवरचा खर्च 23 लाखांच्या पुढे गेलेला होता आणि प्रचाराचे शेवटचे, सर्वांत खर्चिक दिवस अजून बाकी होते. मर्यादा ओलांडणे हा कलम 123 खाली भ्रष्ट आचार ठरतो आणि त्यावर निवडणूक याचिका उभी राहू शकते. म्हणजे निवडून आल्यावर पद जाण्याची टांगती तलवार. उत्तरासाठी 48 तासांची मुदत होती.

नोटिशीची प्रत कार्यालयातून बाहेर पडायच्या आत वार्ताहरांकडे पोहोचली होती. भाऊंनी त्याच रात्री एका गावच्या चौकात, “विरोधकांच्या पायाखालची वाळू सरकलीय म्हणून हे उद्योग चाललेत,” असे सांगून टाळ्या घेतल्या. त्यावर माझा आक्षेप नव्हता. ते राजकारण आहे आणि ते त्यांना माझ्यापेक्षा चांगले समजते. परंतु पुढे उत्साहाच्या भरात, “अशा सभा आम्ही रोज घेऊ शकतो, पैशाला तोटा नाही,” असे ते बोलून गेले, तेव्हा मी रात्री उशिरा त्यांच्या घरी जाऊन बसलो. जून 2013 मध्ये मुंबईतील एका कार्यक्रमात गोपीनाथ मुंडे यांनी 2009च्या लोकसभा निवडणुकीत आपण आठ कोटी रुपये खर्च केल्याचे बोलून दाखविले होते. त्या वेळी मर्यादा 25 लाखांची होती, आणि निवडणूक आयोगाने त्यांना नोटीस काढून खुलासा मागितला होता. मुंडे यांच्यासारख्या मुरब्बी नेत्याला व्यासपीठावरच्या वाक्याचा खुलासा आयोगापुढे करावा लागला, तर आपली काय कथा, एवढेच मी म्हणालो. भाऊ थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “काका, उद्यापासून आकड्याचं कुणी विचारलं तर तुमच्याकडं पाठवतो.” हा शब्द त्यांनी पाळला.

उत्तराचा पहिला मसुदा पक्षाच्या प्रसिद्धी कार्यालयातून तयार होऊन आला. तीन पानांत ‘राजकीय सूडबुद्धी’, ‘लोकशाहीचा गळा’ आणि ‘जनता मतपेटीतून उत्तर देईल’ हे सर्व होते. खुर्च्या किती होत्या ते मात्र कोठेही नव्हते. तो मसुदा मी बाजूला ठेवला. आमचे वकील साहेब तर म्हणाले की, असे उत्तर दिले तर मुद्दे नाकारले नाहीत असाच अर्थ काढला जाईल. हिशेब वेळेत सादर झाला म्हणजे भागले, त्याच्या खरेखोटेपणात आयोग शिरत नाही, अशी एक समजूत कार्यकर्त्यांत आहे. ती त्यांनी अशोक चव्हाणांच्या प्रकरणाचा दाखला देऊन खोडून काढली. 2009 मध्ये भोकर मतदारसंघातून निवडून आलेल्या चव्हाणांविरुद्ध पराभूत उमेदवार माधवराव किन्हाळकर यांनी, वृत्तपत्रांत बातमीच्या रूपाने छापून आलेल्या मजकुराचा खर्च दाखविला नाही, अशी तक्रार केली होती. हिशेबाच्या सत्यतेची चौकशी आयोग करू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2014 मध्ये त्याच वादात स्पष्ट केले. पुढे आयोगाने चव्हाणांविरुद्ध काढलेला आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2014 मध्ये रद्द केला, हेही खरे. पण त्यासाठी पाच वर्षे कज्जा चालला.

म्हणून आम्ही प्रत्येक मुद्द्याला कागद लावायचे ठरविले. ठरलेले शुल्क भरून सभेच्या चित्रीकरणाची प्रत मागविली आणि मी, वकील साहेब आणि मंडपवाला असे तिघे माझ्या घरच्या संगणकासमोर बसलो. मंडपवाला आधी येण्यास राजी नव्हता. निवडणुकीच्या कागदावर सही म्हणजे पुढे आयकरवाले येतील, ही त्याची भीती. ती पूर्णपणे अनाठायी होती असे मला म्हणता येणार नाही.

चित्रफितीच्या आरंभी पथकातील माणसाचा आवाज आहे. तो सभेचा प्रकार, दिनांक, ठिकाण, पक्ष आणि उमेदवाराचे नाव सांगतो, आणि मग म्हणतो, “अंदाजे पाच हजार खुर्च्या.” नोटिशीतला आकडा नेमका येथून आला होता. यादी काढणाऱ्यांनी खुर्च्या मोजल्याच नव्हत्या. आवाजातला अंदाज तसाच उतरवून घेतला होता. चित्र पुढे सरकते तसे बांबूला दोर बांधून केलेले तीन विभाग दिसतात. सभा सुरू होण्याआधी, खुर्च्या बहुतांश रिकाम्या असताना, कॅमेरा मधल्या वाटेने मागे गेला आहे. तेथे चित्र थांबवून आम्ही रांगा मोजल्या: एका विभागात 20 रांगा आणि रांगेत 40 खुर्च्या, म्हणजे 800, तीन विभागांच्या 2,400. मंडपवाल्याच्या चलनावरही तोच आकडा शिसपेन्सिलीने लिहिलेला होता. मात्र उजव्या बाजूला, जनरेटरच्या गाडीपाशी, एकात एक घातलेल्या खुर्च्यांच्या थप्प्याही दिसत होत्या. त्या दुसऱ्या दिवशीच्या एका साखरपुड्यासाठी टेम्पोतून आणल्या होत्या आणि तशाच राहिल्या, असे मंडपवाल्याचे म्हणणे. साखरपुड्याचे बिल त्याने आणून दिले; ते आम्ही उत्तराला जोडले.

सभेच्या खर्चाच्या विभागणीचा मुद्दा नियमाने आमच्या बाजूचा होता. स्टार प्रचारकाच्या सभेत ज्या उमेदवारांनी व्यासपीठावर हजेरी लावली, किंवा ज्यांची नावे वा छायाचित्रे सभेच्या फलकांवर आहेत, त्यांच्यात तो खर्च वाटला जातो. व्यासपीठावर आमच्यासह दोघे उमेदवार होते. तिसरे आलेच नव्हते, कारण त्यांची त्याच वेळी स्वतःची फेरी होती. परंतु व्यासपीठामागच्या फलकावर त्यांचे नाव आणि हसरे छायाचित्र भाऊंच्या शेजारीच होते, आणि चित्रफितीत ते अर्धा तास सलग दिसत होते. तो चित्रतुकडा काढून आम्ही जोडला. उत्तर दाखल झाल्यावर त्या तिसऱ्या उमेदवारांचा भाऊंना फोन आला. आम्ही आलोच नाही, मग आमच्या डोक्यावर खर्च कशाला, फोटो तुमच्या माणसांनी लावला होता, असा त्यांचा त्रागा होता. मित्रपक्ष म्हणजे काय असतो, ते हिशेबाच्या वेळी कळते.

हेलिकॉप्टरचा मुद्दा सर्वांत जड आणि, विचित्र गोष्ट अशी की, सर्वांत सोपा निघाला. पक्षाने यादीत कळविलेल्या स्टार प्रचारकाचा प्रवासखर्च उमेदवाराच्या हिशेबात येत नाही; परंतु उमेदवार त्याच वाहनातून आला तर निम्मा खर्च त्याच्यावर पडतो. पथकाने हेलिकॉप्टर आकाशात असल्यापासून चित्रीकरण केले होते. धुळीचा लोट उठतो, पोलीस टोप्या धरतात, आणि त्या धुळीत भाऊ एका हातात पुष्पगुच्छ धरून, दुसऱ्या हाताने डोळे झाकून जमिनीवर उभे आहेत. हेलिकॉप्टर त्यानंतर उतरते. उतरण्याच्या परवानगीच्या अर्जासोबतच्या प्रवाशांच्या यादीतही भाऊंचे नाव नव्हते. ज्या चित्रीकरणाने आम्हाला पाच हजार खुर्च्यांत गोवले, त्यानेच यातून सोडविले.

उत्तर दोन पानांचे झाले. ‘मुद्दा क्र. 1 : मान्य नाही, कारण सोबतचे चित्र पाहावे’ अशा धर्तीची कोरडी वाक्ये, खाली भाऊंची सही, आणि मागे जोडपत्रे. जिल्हास्तरीय खर्च समितीने निर्णय दिला तो असा: हेलिकॉप्टरचा मुद्दा वगळला, सभेचा खर्च तीन उमेदवारांत विभागला, खुर्च्यांत थप्प्यांतल्या 300 मिळवून 2,700 धरल्या, कारण सभास्थळी आणलेले साहित्य सभेचेच, साखरपुड्याचे बिल काही म्हणो, आणि मंडपाला आमच्या बिलाचा नव्हे, तर दरसूचीचा दर लावला. ती वाढ आम्ही निमूट स्वीकारून वहीत नोंदविली.

एक गोष्ट मात्र नोटिशीच्या बाहेरची होती आणि मला त्याच प्रकरणात अधिक विचार करावा लागला. तिसऱ्या तपासणीच्या वेळी, एका गावातील तरुण कार्यकर्त्याने स्वखर्चाने लावलेले चार मोठे फलक शासनाच्या वहीत निघाले. भाऊंना त्यांची कल्पना नव्हती. उमेदवाराच्या लेखी परवानगीवाचून त्याच्या प्रचारावर खर्च करणे हा गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेत होता, आता भारतीय न्याय संहितेत आहे, आणि यातून सुटणारी किरकोळ खर्चाची रक्कम अजून 10 रुपयेच आहे. अशा वेळी उमेदवारापुढे दोन वाटा असतात. ‘हा खर्च माझा नाही, मी परवानगी दिली नव्हती’ असे लिहून दिले की आकडा वाचतो आणि पोरगा अडकतो. वकील साहेबांचा कल तिकडे होता. भाऊ म्हणाले, “काका, चार फ्लेक्ससाठी पोराला उघड्यावर टाकलं तर उद्या बूथवर कोण बसेल? आपल्या नावावर घ्या.” यात माया किती आणि हिशेब किती, ते त्यांचे त्यांना माहीत, मी ती रक्कम पांढऱ्या पानावर चढविली.

20 नोव्हेंबरला मतदान झाले, 23 तारखेला निकाल लागला आणि भाऊ थोड्या मतांनी निवडून आले. त्यांच्या दृष्टीने निवडणूक तेथे संपली, माझ्या दृष्टीने 23 डिसेंबरपर्यंतची मुदत सुरू झाली. मतमोजणीच्या दिवशीच्या प्रतिनिधींचे जेवण-चहादेखील खर्चात येते, हे किती उमेदवारांना माहीत असते कोण जाणे. 5 डिसेंबरला मुंबईत शपथविधी होता, त्याआधी आणि नंतरही भाऊ तिकडेच अडकले होते. नोंदवही, गोषवारा, शपथपत्र आणि प्रमाणके यांवर सह्या हव्यात म्हणून मी फोन करीत राहिलो. शेवटी एका रात्री ते आले आणि कानाला फोन लावून सह्या करू लागले. मी त्यांना फोन ठेवायला सांगितला. प्रत्येक पानावर सही करताना किमान वरचा आकडा वाचा, एवढा माझा आग्रह होता, कारण शपथपत्र त्यांचे होते, माझे नव्हते.

ताळमेळाच्या बैठकीत प्रतिस्पर्धी उमेदवाराच्या प्रतिनिधीने हेलिकॉप्टरचा विषय पुन्हा काढला. खर्च निरीक्षकांनी समितीचा निर्णय वाचून दाखविला आणि पुढच्या उमेदवाराचे नाव पुकारले. ते नाव तक्रारदारांचेच होते. त्यांच्या प्रचारफेऱ्यांच्या वाहनांत तफावत निघाली होती, परवानगी घेतलेल्या गाड्या वहीत नव्हत्या, आणि त्या वापरल्याच नाहीत असे त्यांचे उत्तर होते. न वापरलेल्या गाड्यांची परवानगी वेळेत परत केली नसेल तर हे उत्तर टिकत नाही. मला आनंद झाला नाही असे लिहिले तर ते खोटे ठरेल.

आमचा अंतिम आकडा मर्यादेच्या आत राहिला. या विधानाचा अर्थ किती घ्यायचा, याविषयी मला वाचकांशी प्रामाणिक राहिले पाहिजे. माझ्या हातून गेलेल्या प्रत्येक रुपयाला प्रमाणक आहे आणि त्याविषयी कोणीही कोठेही विचारावे. परंतु संपूर्ण यंत्रणा तपासते ती एका वहीचा दुसऱ्या वहीशी मेळ बसतो की नाही एवढेच. कॅमेरा सभेला जातो. रात्री अकरानंतर वाडीवस्तीवर जातो असे मी पाहिले नाही. शिवाय उमेदवाराला 40 लाखांची मर्यादा असली तरी पक्षाने सर्वसाधारण प्रचारावर किती खर्च करावा याला कोणतीही मर्यादा नाही. पक्षाने फक्त आपले विवरणपत्र आयोगाला द्यायचे. त्यामुळे खर्चाच्या आरोपाला उत्तर देताना भाऊ जे सिद्ध करू शकले ते इतकेच, की त्यांच्यावर ठेवलेला विशिष्ट आरोप चुकीचा होता. निवडणूक स्वस्तात झाली, हे ना त्यांनी म्हटले, ना मी म्हणेन.

निवडणूक याचिकेची 45 दिवसांची मुदत 7 जानेवारी 2025 रोजी संपली. कोणी याचिका दाखल केली नाही. सादर झालेला हिशेब कोणालाही नाममात्र शुल्क भरून पाहता येतो, आणि तक्रारदारांचा माणूस तो पाहून गेल्याचे कार्यालयातील लिपिकाने मला सांगितले. पुढे काही झाले नाही. मूळ बिलांच्या प्रती दोन गठ्ठ्यांत बांधून माझ्याकडे आहेत. राहिला आहे तो मंडपवाला. नोंदवहीत दिलेली रक्कम आणि देणे बाकी असे वेगळे रकाने असतात आणि त्या तिसऱ्या उमेदवारांच्या हिशेबात सभेचा एक तृतीयांश हिस्सा देणे बाकी म्हणून दाखविला गेला. ते निवडणूक हरले. मंडपवाला अधूनमधून माझ्याकडे येतो, चलनाची प्रत दाखवितो आणि विचारतो की, समितीने त्यांच्या नावावर खर्च धरला आहे, तर पैसे कोणाकडे मागायचे. मी त्याला समितीच्या आदेशाची झेरॉक्स काढून दिली आहे.